कोणता आवाज नको?

आप्पांना कुणी सांगितलं की मला अमुक वस्तू घ्यायची आहे, तर त्यांचा पहिला प्रश्न असे, "कशासाठी?" दुकानदार विचारतो तसा नव्हे, पोलीस विचारतात तसा. या एका प्रश्नाने आमच्या ऑफिसातल्या एकाचा ट्रेडमिलचा खर्च वाचला, एकीचा ओव्हनचा वाचला आणि एकाचं लग्नच साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात रद्द झालं. या तिसऱ्या प्रकरणाचं श्रेय आप्पा घेत नसत, पण कुणी दिलं तर नाकारतही नसत.

आम्ही जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला होतो. मी अजून आहे. आप्पांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्यांचा हुद्दा सीनियर असिस्टंट आणि तो तीस वर्षांत हलला नव्हता, कारण बढतीचा अर्ज भरायला दिला की आप्पा त्यावरही "कशासाठी?" असं लिहून परत पाठवत. काम मात्र चोख. कंटेनरला सील लागलं की त्यावरचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर ताडून पाहायचा आणि "ऐकलं" म्हणायचं. दुसऱ्याने "ऐकलं" म्हटल्याशिवाय वाचलेला नंबर धरायचा नाही, ही पद्धत आप्पांनी लावलेली. नवी पोरं हसायची. पण आप्पांच्या पाळीत चुकीचा डबा कधी बंदरात गेला नाही.

कंपनीची बस सकाळी पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळून निघायची. पहिल्या दिवशी मी चढलो तेव्हा बस गच्च होती आणि डावीकडच्या तिसऱ्या सीटवर, खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थांच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. भरलेल्या बसमध्ये एकच जागा रिकामी असेल तर तिला कारण असतं, हे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कळायला हवं होतं. मी बसलो. गृहस्थांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"ही बॅग घेताना कुणी सोबत होतं का?"

"नाही. का?"

"वाटलंच. चेन आतल्या बाजूला यायला हवी होती. कुठले?"

"पुण्याचा."

"मग बरोबर," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी 'पुणेकर' झालो आणि तीच माझी जागा ठरली.

आप्पा बोलत. पनवेल सुटलं की सुरू होत आणि यार्डाच्या फाटकात बस थांबली की वाक्य तिथेच सोडत. संध्याकाळी ते वाक्य उचलून पुढे नेत. कुकरची रिंग सैल का होते, गादी कुशीवर झोपून का तपासावी, खाडीत कोळंबी कमी का झाली, पंख्याची पाती तीनच का. विषय कुठलाही असो, आप्पांना उत्तर नको असायचं. दर तीन वाक्यांमागे एक "हं" मात्र लागायचा. तो चुकला तर ते मागचं वाक्य पुन्हा म्हणत. मी त्या वेळी एक जाडजूड कादंबरी वाचत होतो. तिच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर मी चौदा महिने होतो. नायक अजून घरातून बाहेर पडला नव्हता.

थाटामाटाचं आप्पांना वावडं होतं आणि म्हणूनच मला ते आवडायचे, हे आधी सांगितलं पाहिजे. आमचे जनरल मॅनेजर एकदा परदेशातून मोठाले हेडफोन घेऊन आले. ते गळ्यात घालून त्यांनी मासिक बैठक घेतली. नवरदेवाच्या गळ्यातला हार असावा तसे ते दिसत होते. "विमानात हे कानांवर चढवले की जग बंद," असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांनी हात वर केला.

"साहेब, विमानतळावर घातले आणि आपल्या विमानाचा पुकारा झाला तर?"

साहेबांनी पुढचा मुद्दा घेतला. दोन दिवसांनी अकाउंट्सवाल्यांकडून कळलं की येतानाच्या प्रवासात त्यांचं एक विमान खरोखरच चुकलं होतं आणि ते विमानाकडे जायच्या दाराशेजारच्या खुर्चीवर, बंद झालेल्या जगात, अतिशय शांतपणे बसून राहिले होते.

आप्पा मूळचे चिरनेरचे. लग्न केलं नाही, पनवेलला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. धाकटा भाऊ गावात. त्याचा साऊंडचा धंदा होता. या भागातल्या हळदी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना कल्पना यायची नाही: हळद नवरीच्या अंगाला लागते आणि साऊंडचा बास सगळ्या गावाच्या छातीला. भिंतीएवढे स्पीकर ट्रकवर येतात. कुणाच्या हळदीला कुणाचा साऊंड होता, हे नवरदेवाच्या नावापेक्षा जास्त काळ लक्षात राहतं. आप्पांच्या भावाचा साऊंड उरण तालुक्यात पहिल्या दोन-तीनांत मोजला जायचा.

भावाच्या मुलीची हळद होती. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. घरचंच कार्य म्हटल्यावर भावाने आपले होते नव्हते तेवढे स्पीकर लावले होते. मागच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास आप्पा तिला पाहायला आत गेले, तर उशाशी ठेवलेल्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. आप्पांनी ते पाणी पाहिलं, बाहेर आले, जनरेटरपाशी गेले आणि मुख्य वायर उपटली. चारशे माणसं नाचता नाचता जागच्या जागी थांबली.

भाऊ धावत आला. "दादा, काय केलंस? आयनंच सांगितलेलं, जोरात लाव. तिला हातरुणातून नातीची हलद ऐकायची व्हती."

आप्पा आत गेले. आईने भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. सख्ख्या भावाने साऊंडची वायर काढली, ही गोष्ट धंद्यात वर्षभर पुरली. त्याच वर्षी आई गेली. दहाव्याला दोघं शेजारी बसले आणि भटजींमार्फत बोलले.

"मी ग्लासातलं पानी पाहिलं, पुणेकर," आप्पा म्हणत. एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण ही गोष्ट आली की भाषा आपोआप गावाकडे जायची. "आयला इचारलंच नाय. सगल्या दुनियेला इचारतो, कशासाठी, कशासाठी. तिला दोन शब्द इचारले नाय."

"मग आता जाऊन बोला ना भावाशी," मी एकदा म्हटलं.

"जायचंय," आप्पा म्हणाले. "पण दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं? ते एकदा ठरलं की जातो." मग गव्हाण फाट्यापासून पनवेलपर्यंत ते पहिल्या वाक्याचे प्रकार मला ऐकवत राहिले. "कसा हायेस" नको, कारण कसा आहे ते माहीत आहे. "चुकलं" नको, कारण मग कुणाचं, ही चर्चा निघणार. "पाणी दे" बरं, पण ते वाक्य पाहुण्याचं. मी "हं" म्हणत होतो.

पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मी कादंबरी मिटून ठेवली होती. आठव्या वेळेला मी खिडकीबाहेरचे ट्रेलर मोजत होतो. दहाव्या-अकराव्या वेळेला मी ठरवलं की आपण कानांत घालायचं काहीतरी घ्यायचं.

आता यातली गंमत अशी की आमच्या यार्डात काहीही घ्यायचं तर विचारायचं कुणाला, हे ठरलेलं होतं. परस्पर इअरबड्स आणले असते तर आप्पांनी ते कानांतून काढायला लावून तपासले असते, चुकीचे ठरवले असते आणि पुढचा महिनाभर बड्स हाच विषय झाला असता. म्हणून मी त्यांनाच विचारलं. हा हलकटपणा मला त्या वेळी चातुर्य वाटला होता.

"आप्पा, मला ते आवाज कापणारे इअरबड्स घ्यायचेत. दोन हजाराच्या आत."

"कशासाठी?"

"प्रवासासाठी. शनिवारी-रविवारी पुण्याला जातो ना. एक्सप्रेस वेवर एस.टी.च्या आवाजाने डोकं उठतं."

खरं तर मला एस.टी.च्या आवाजात उत्तम झोप लागते.

आप्पा खूश झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागदावर रेघा मारून एक तक्ता आणला. वस्तू घेणाऱ्याने तो भरायचा असे. प्रवास किती तासांचा? बसायची जागा चाकावर की मध्ये? खिडकी उघडी की बंद? कान घामट की कोरडे? उजवा कान आणि डावा कान सारखे आहेत का, आरशात पाहून लिहा. आणि शेवटी, खाली दुहेरी रेघ मारलेला प्रश्न: कोणता आवाज नको आहे?

मी पेन घेऊन बराच वेळ त्या प्रश्नापाशी थांबलो. आप्पा शेजारून पाहत होते. मी लिहिलं, 'इंजिनाचा.'

पुढचे दोन आठवडे आप्पा या शोधात हरवून गेले होते. बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात त्यांची ओळख होती. दुकानदाराकडे दाखवायचे म्हणून बाजूला ठेवलेले नग असत. तिथे ते मला घेऊन गेले.

"आइए आप्पा," दुकानदार म्हणाला. "तुम्ही तशरीफ आणली की माझं गिऱ्हाईक पळतं. पण आज कुणाला सोबत आणलंय म्हणजे मेहरबानीच."

"हे घेणार आहेत. मी बघणार आहे."

"तुम्ही सात साल बघताय. तुमच्या तोंडून 'घ्या' निघालं की मी मोहल्ल्यात मिठाई वाटेन, खुदा कसम."

आप्पांनी चार जोड निवडले आणि एकेक दोन दिवसांसाठी मागून घेतला. परत देताना रबरी टोकं स्पिरिटने पुसून द्यायची, या अटीवर. डब्यांवर पस्तीस डेसिबल, चाळीस डेसिबल असं काहीबाही छापलेलं होतं. "किती कापतो ते लिहिलंय," आप्पा म्हणाले, "कुठला कापतो ते कुणीच लिहीत नाही. याला जाहिरात म्हणतात."

चाचणी बसमध्ये व्हायची, मागच्या चाकावरच्या सीटवर, कारण तिथे घरघर जास्त. त्यासाठी आप्पांनी तिथल्या दोघांना उठवून आमच्या जागेवर पाठवलं. मी बड्स घालायचे. मग आप्पा मला फुटाणे द्यायचे. जबडा हलला की जो बड निसटतो तो प्रवासाला नालायक, कारण प्रवासात माणूस खातोच. मग वाकून बुटाची नाडी बांधायची. मग खिडकी उघडायची, कारण काही बड्सच्या छोट्या माईकमध्ये वारा शिरतो आणि ते बाहेरच्यापेक्षा मोठा आवाज आत करतात. एक जोड तिथेच बाद झाला. दुसऱ्याने डोक्यात विमान उतरताना होतो तसा दाब येत होता. तिसरा चांगला होता, पण बिघडला तर कुरिअरने कुठे तरी लांब पाठवावा लागणार होता. "आपण वस्तू घेतो की पत्रव्यवहार?" असं म्हणून आप्पांनी तो परत केला.

सगळ्यात शेवटी माणसाच्या आवाजाची चाचणी. त्यासाठी दर वेळी तेच शब्द, तोच सूर हवा, नाहीतर तुलना कशी करणार? आप्पांनी औटकी निवडली. साडेतीनचा पाढा. चिरनेरच्या शाळेत मास्तरांनी छडीच्या जोरावर घोटून घेतलेला तो पाढा आप्पा धावत्या बसमध्ये माझ्या कानापासून हातभर अंतरावर म्हणायचे आणि जो आकडा मला ऐकू येईल त्याला मी बोट वर करायचं.

"एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा..."

"आप्पा, कुणाचं लग्न लावताय?" पुढून कुणीतरी ओरडलं.

"तुझंच. गप बस. पाच औट साडेसतरा..."

मला प्रत्येक आकडा ऐकू येत होता. चारही जोडांत, बाद झालेल्यांतसुद्धा. उलट घरघर खाली गेली की आप्पांचा पाढा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ यायचा. माझं बोट वरच राहिलं. आठव्या दिवशी आप्पांनी आपला निर्णय कागदावर लिहून दिला. चौथा जोड, मधल्या मापाचं रबर, उजव्या कानाला मात्र लहान. खाली शेरा: 'एकसुरी आवाज जातो. बोलणं जात नाही. गाणी लावल्यास बोलणंही जातं.'

"तुम्हाला इंजिनच घालवायचंय ना?" त्यांनी विचारलं. "मग हे उत्तम. माणूस घालवायचा असता तर या किमतीत नाही मिळत."

"इंजिनच," मी म्हणालो.

ते बड्स अजून चालतात. निवड आप्पांची होती.

सोमवारी सकाळी मी बसमध्ये चढलो आणि आप्पा बोलायला सुरुवात करायच्या आत ते कानांत घातले. "बघू, रोजच्या बसमध्येही उपयोग होतो का," असं काहीतरी पुटपुटलो. आप्पांनी समाधानाने मान हलवली. डॉक्टर रोग्याकडे पाहतो तसं त्यांनी पूर्ण प्रवासभर माझ्याकडे पाहिलं. मंगळवारी ते दोन-तीन वाक्यं बोलले. मी "हं" म्हटलं नाही. त्यांनी मागचं वाक्य पुन्हा म्हटलं. मी पान उलटलं. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

मी गाणी लावली नव्हती. गाणी लावली की मला वाचता येत नाही. बस नाहीशी झालेली असायची आणि उरायची ती फक्त एक मऊ शांतता आणि तिच्यात आप्पांचा श्वास. पण गाणी चालू आहेत असं त्यांना वाटेल, एवढी सोय त्यांच्या शेऱ्यानेच करून ठेवली होती. महिन्याभरात कादंबरीचा नायक घराबाहेर पडला, कर्जात बुडाला आणि प्रेमातही पडला. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसू लागले. कधी कधी काचेशी काही बोलत. ते मला ऐकू यायचं. कोळंबीबद्दलच असायचं बहुतेक.

मग तो गुरुवार आला. संध्याकाळची बस गव्हाण फाट्याच्या अलीकडे ट्रेलरच्या रांगेत अडकली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं. मी डोळे मिटून बसलो होतो.

"पुणेकर," आप्पा म्हणाले.

मी हललो नाही.

"पुतणीचा फोन आला व्हता. भावाला अर्धांगाचा झटका आलाय. दुसरा. काका येऊन जा म्हनते." मग आणखी खालच्या आवाजात, "रविवारी याल का चिरनेरला? माझ्याच्यानं एकट्याला दारात उभं ऱ्हावनार नाय. तुमी निस्ते बाजूला उभे ऱ्हा. बोलायचं मी बघतो."

मी प्रत्येक शब्द ऐकला. डोळे उघडायचे आणि "येतो" म्हणायचं, एवढंच होतं. पण रविवारी पुण्याला घरी पडदे लावायला माणूस येणार होता. तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण हे की मी आत्ता डोळे उघडले असते तर गेला महिनाभर सगळं ऐकत होतो हे उघडं पडलं असतं. माझी लबाडी वाचवायची होती. मी स्वतःला सांगितलं, आप्पा आहेत, तीन वेळा म्हटल्याशिवाय सोडतात कधी? उद्या पुन्हा विचारतील, तेव्हा बड्स काढून ठेवू.

ऐकणाऱ्याने "ऐकलं" म्हटल्याशिवाय वाचलेलं धरायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. त्यांनी तो पाळला. शुक्रवारी मी बड्स खिशात ठेवून बसलो होतो. आप्पांनी यार्डापर्यंत एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. संध्याकाळी मी पुण्याची एस.टी. पकडली. पडद्यांचा माणूस आला नाही.

सोमवारी मी बसमध्ये चढलो तेव्हा आप्पा ड्रायव्हरशी बोलत होते.

"काल गव्हाण फाट्यापर्यंत गेलो व्हतो. तिथून मागं आलो."

"का ओ आप्पा? घर तर पुढं ऱ्हायलं."

"ऊन लई व्हतं."

बुधवारी दुपारी ऑफिसात फोन आला. भाऊ गेला. आप्पांनी हातातला कागद पुरा केला, खाली सही केली, पेनला टोपण लावलं आणि उठले. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे धावलो.

"आप्पा, थांबा. मी येतो सोबत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"आता सोबत कशाला?" ते म्हणाले. "आता तो दार थोडाच लावनार हाय." आणि रिक्षात बसून गेले.

दहाव्याला आम्ही ऑफिसातले तिघं-चौघं चिरनेरला गेलो. अंगणात ताडपत्रीखाली स्पीकर एकावर एक रचून ठेवलेले होते. आप्पा पुरुष मंडळींत बसले होते. एक तिशीतली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती पुतणी.

"पुणेकर तुमीच ना?" तिने मलाच नेमकं विचारलं. "काका फोनवर सांगायचा तुमच्याबद्दल. बसमधी एक माणूस भेटलाय, सगलं ऐकून घेतो, म्हनायचा."

मी पाणी प्यालो.

"त्या रविवारी येनार व्हते ना तुमी दोघं? मी फोन केला तवाच काका म्हनालेला, पुणेकरांना घेऊन येतो. आमी बाबांना सकालीच आंघोल घालून, नवा शर्ट घालून ओटीवर खुर्चीत बसवलेलं. संध्याकालपर्यंत रस्त्याकडं बघत व्हते." तिने पदराने तांब्याचा काठ पुसला. ती तक्रार करत नव्हती, सांगत होती. "जीभ गेलेली त्यांची. एक शब्द बोलता येत नव्हता. पन ऐकायला सगलं यायचं. काका येऊन निस्ता बडबडला असता ना, त्याच्या नेहमीसारखा, कायपन, तरी झालं असतं."

पहिल्या वाक्याची गरजच नव्हती. कुठलंही वाक्य चाललं असतं. कुकरच्या रिंगेबद्दलही.

आप्पा पंधरा दिवसांनी कामावर आले. पण डावीकडच्या तिसऱ्या सीटवर बसले नाहीत. ते पुढे, ड्रायव्हरशेजारच्या, इंजिनाच्या झाकणालगतच्या एकट्या सीटवर जाऊन बसले. तिथे इतकी घरघर असते की बोलायचा प्रश्नच येत नाही. मला आता खिडकी मिळाली होती आणि शेजारची जागा रिकामी होती. मी कादंबरी उघडायचो आणि मिटायचो. बड्स घरीच ठेवू लागलो, जणू त्यांचा दोष होता.

मला माझा गुन्हा कबूल करायचा होता. वाचणाऱ्या माणसाला असा एक भ्रम असतो की कबुली दिली की काहीतरी हलकं होतं. कुणाचं, हे पुस्तकांत नीट सांगितलेलं नसतं. महिनाभर शब्द जुळवले. कसं सुरू करावं, याचे प्रकार केले. मग एका संध्याकाळी सगळे चढायच्या आत मी पुढे जाऊन आप्पांच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावरच बसलो. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. बस बंद होती.

"आप्पा, त्या गुरुवारी तुम्ही चिरनेरला चला म्हणालात. ते मला ऐकू आलं होतं."

आप्पा समोरच्या काचेतून फाटकाकडे पाहत होते. एक ट्रेलर आत येत होता. सील तपासणाऱ्याने नंबर वाचला, दुसऱ्याने मान हलवली. तोंडाने काही म्हटलं नाही. एरवी आप्पा खिडकीतून ओरडले असते.

"तुम्ही गाणी लावली होती ना?" त्यांनी विचारलं.

"नव्हती लावली. एक दिवसही नव्हती."

ज्या माणसाने आयुष्यात एक साधी चाळणीसुद्धा खात्री केल्याशिवाय कुणाला घेऊ दिली नाही, तो आता मला उलटसुलट विचारेल, तारखा काढेल, कोणत्या दिवशी काय काय ऐकलं ते एकेक करून वदवून घेईल, याची मी वाट पाहत होतो. मला ते हवंच होतं. खाली ड्रायव्हरने ग्लास विसळला. लोक चढू लागले.

आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लावली होती," ते म्हणाले. "असंच राहू द्या, पुणेकर. गाणी लावली होती."

मग ड्रायव्हर चढला आणि त्याने इंजिन सुरू केलं.